मंचरचं चीज आणि आपला चौका



आपल्या मंडळात एक प्रश्न वर्षातून दोनदा तरी निघतोच. "चीज चालतं का हो आपल्याला?" विचारणारी बहुधा कुणाची तरी नवी सून असते आणि उत्तर देणाऱ्या आम्ही साठी ओलांडलेल्या. एकजण ठामपणे सांगते, अजिबात नाही, त्यात वासराचं आतडं घालतात. दुसरी म्हणते, पाकिटावर हिरवा ठिपका असतो ना, मग काय हरकत? तिसरी म्हणते, माझी नातवंडं खातात, मी काही विचारायला जात नाही.

मला या तीन उत्तरांतलं तिसरं सगळ्यात जास्त खटकतं. मी कॉमर्सची. व्हाउचर पाहिल्याशिवाय एन्ट्री करायची नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. घरात येणाऱ्या वस्तूचंही व्हाउचर असतं, फक्त ते शोधावं लागतं. यंदाच्या चातुर्मासात दुपारच्या वेळी मी चीजचं शोधलं. जे हाती लागलं ते इथे मांडते.

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. पुण्याहून गजपंथाला किंवा मांगीतुंगीला जाताना नाशिक रस्त्यावर राजगुरुनगर मागे पडलं की मंचर लागतं. आंबेगाव तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. आपली गाडी तिथे चहापुरतीसुद्धा थांबत नाही. पण आपल्या घरात जे 'गोवर्धन' तूप येतं आणि मुलांच्या डब्यात 'गो' चीजच्या चकत्या जातात, ती कंपनी या गावची. पराग मिल्क फूड्स. देवेंद्र शहा यांनी ती १९९२ साली सुरू केली. त्यांचे भाऊ प्रीतम शहा सोबत होते, आणि पुढच्या पिढीतल्या अक्षाली शहाही आता कारभारात आहेत.

सुरुवात कशी झाली ते कळलं तर चीज म्हणजे काय हेही निम्मं कळतं. गाई-म्हशींच्या दुधाला हंगाम असतो. पावसाळा सरता सरता चारा मुबलक होतो, जनावरं वितात आणि दूध वाढत जातं. त्याला पुष्टकाळ म्हणतात. उन्हाळ्यात आटतं, तो कृशकाळ. पुष्टकाळात दूध इतकं होई, की ते घेऊन करायचं काय हा सरकारी आणि सहकारी डेअऱ्यांना प्रश्न पडे. मग दूध घेण्याला सुट्टी! अमुक दिवशी संकलन बंद. आता गाईला कोण सांगणार की आज सुट्टी आहे? ती पहाटे पान्हा सोडणारच. शेतकऱ्याच्या घरी कॅन भरलेला आणि घेणारा कुणी नाही. नोकरदाराच्या घरी सुट्टी म्हणजे आराम. शेतकऱ्याच्या घरी त्या दिवशीची मजुरी, पेंडीचे पैसे आणि दूध, तिन्ही मोरीत.

त्याच सुमाराला, १९९१ मध्ये, दूध व्यवसायावरची परवान्याची बंधनं सैल झाली आणि खाजगी माणसाला या धंद्यात उतरता आलं. मंचरला शहांनी सुट्टीच्या दिवशीही दूध घ्यायचं ठरवलं. घेतलं तर खरं, पण ठेवायचं कुठे? दूध थांबत नाही. ते टिकाऊ रूपात बदलावं लागतं. म्हणून तूप आणि पावडर. आणि बऱ्याच वर्षांनी, २००८ मध्ये, 'गो' नावाने चीज.

आपल्या आजीने जे केलं तेच हे, फक्त मोठ्या प्रमाणावर. दूध उरलं की विरजण, दही उरलं की ताक-लोणी, लोणी जमलं की तूप. तुपापाशी आपला रस्ता संपतो. युरोपात थंडी. तिथे दुधाचा घट्ट गोळा मिठात मुरवून तळघरात महिनोन् महिने ठेवता येई. आपल्याकडे सोलापूरच्या उन्हाळ्यात असा गोळा ठेवला असता तर चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार ठोठावलं असतं. म्हणून आपल्याकडे तूप झालं आणि त्यांच्याकडे चीज. यात कुणी मागासलेलं नाही की कुणी पुढारलेलं नाही.

आता आकडे बघू, मला त्याशिवाय चैन पडत नाही. गाईच्या साधारण १० लिटर दुधातून १ किलो चीज निघतं. म्हशीचं दूध दाट, त्यामुळे थोडं कमी पुरतं. २०१६ च्या मे महिन्यात परागचे शेअर बाजारात आले, तेव्हा मंचरच्या चीज कारखान्याची क्षमता दिवसाला ४० टन सांगितली होती. ४० टन म्हणजे ४० हजार किलो. गुणिले दहा. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालला तर एकटा चीजचा विभाग दिवसाला ४ लाख लिटर दूध पिणार. एका घरी दोन लिटर दूध धरलं तर दोन लाख घरांचं. आणि दहा लिटरातून किलोभर चीज काढल्यावर उरतं ते नऊ लिटर पाणी. पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरतं ना, ज्यात आपण कणीक भिजवतो, तसंच. कंपन्या त्याला 'व्हे' म्हणतात. पाश्चात्य देशांत हे पाणी एके काळी डुकरांना घालत. त्यात उत्तम प्रथिनं असतात हे ध्यानात आल्यावर ते वाळवून विकायला लागले. परागनेही २०१७ मध्ये 'अवतार' नावाने त्याची पावडर आणली. जिमला जाणारा तुमचा नातू जो महागडा डबा मागतो, तो म्हणजे आपल्या कणकेचं पाणी!

आता मूळ प्रश्नाकडे. दुधाचा गोळा होतो कसा?

पनीर करताना आपण लिंबू पिळतो. आंबटपणामुळे दूध फाटतं आणि त्यातलं बरंचसं कॅल्शियम पाण्यात उतरतं. प्रथिनांचे कण एकमेकांना असे घट्ट धरतात की पनीर तव्यावर टाकलं तर भाजलं जातं, वितळत नाही. चीजसाठी दूध फाडत नाहीत, लावतात, जवळजवळ दह्यासारखं. त्यात थोडं विरजण असतंच. पण खरं काम करतं ते रेनेट नावाचं द्रव्य. दुधातल्या प्रथिनकणांवर एक बारीक लवेसारखं आवरण असतं, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेट ही लव कापतं. कण हळूच एकमेकांत गुंततात, कॅल्शियम बरंचसं आतच राहतं आणि लुसलुशीत वडी बसते. पिझ्झ्यावर ज्या तारा निघतात त्या यामुळे. लिंबाच्या पनीरला जन्मात तार येणार नाही.

हे रेनेट कुठून येतं, तिथे आपली पहिली मैत्रीण अगदी चूक नाही. दूधपित्या वासराच्या पोटाला चार कप्पे. त्यातल्या चौथ्यात आईचं दूध घट्ट बसवणारं द्रव्य असतं, म्हणजे दूध पोटात जास्त वेळ राहावं आणि अंगी लागावं. वासरू गवत खायला लागलं की ते कमी होत जातं. म्हणून युरोपात रेनेटसाठी दूधपितं वासरूच लागे. आणि ते जिवंत वासराकडून मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको. शतकानुशतकं गवळी पोटाचा वाळवलेला तुकडा दुधात भिजवत. १८७४ मध्ये कोपनहेगनला क्रिश्चन हॅन्सन नावाच्या माणसाने त्याचा अर्क काढून, ताकद मोजून, बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. तिथून चीजचे कारखाने झाले. आजही इटलीतलं खरं 'पार्मिजानो रेज्जानो', ज्याला आपण पार्मेसान म्हणतो, ते नियमानेच वासराच्या रेनेटचं असतं. त्यात दुसरं वापरलं तर ते नाव लावता येत नाही. युरोपच्या जैन टूरला जाणाऱ्या बायकांनी एवढं एक वाक्य पदराला गाठ मारून न्यावं. टूरवाले "नो एग, नो ओनियन, नो गार्लिक" सांगतात. पास्त्यावर वरून किसून घातलेल्या चीजबद्दल कुणी बोलत नाही.

मग भारतात काय? आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर चीज आणलं ते आणंदच्या अमूलने, १९६० च्या आसपास. त्याआधी १९५५ मध्ये तिथल्या हरिचंद दलाया यांनी, जे होणार नाही असं परदेशी तज्ज्ञ म्हणत होते, ते म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवलं होतं. भारतात शाकाहारी गिऱ्हाईक मोठं, त्यामुळे वासराचं रेनेट इथे चालणार नव्हतं. १९६० च्या दशकात जगातही वासरांची पोटं कमी पडू लागली होती, चीज खाणारे वाढत होते. शास्त्रज्ञांनी पर्याय शोधला, एक प्रकारची बुरशी. तिला टाकीत वाढवतात, ती जे द्रव्य सोडते ते गाळून घेतात. त्यानेही दूध तसंच लागतं. याला 'मायक्रोबियल रेनेट' म्हणतात. पुढे १९९० मध्ये अमेरिकेत आणखी एका पद्धतीला मान्यता मिळाली. त्यात वासराच्या त्या द्रव्याची जी जनुकीय कृती असते तिची नक्कल सूक्ष्मजीवात बसवतात आणि तो सूक्ष्मजीव तेच द्रव्य तयार करतो. यात वासरू मरत नाही.

झाडांचेही पर्याय आहेत. पोर्तुगालमध्ये एका काटेरी फुलाच्या तुऱ्यांनी दूध लावतात. वायव्येकडे पनीर डोडी नावाची वनस्पती वापरत. ग्रीक लोक अंजिराचा चीक वापरत. आता गंमत पाहा. वासराचं नको म्हणून अंजिराकडे जावं तर आपल्या पंच उदुंबरात अंजीर! बुरशीकडे जावं तर बुरशी आपल्याला अभक्ष्य! मी हे मंडळात सांगितलं तेव्हा एका काकूंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे आपण दूधच प्यावं मुकाट्याने."

यावर माझं मत सांगते, पटलं तर घ्या. बुरशीचं रेनेट आणि बुरशी खाणं एक नव्हे. द्रव्य गाळून घेतलेलं असतं आणि शेकडो लिटर दुधाला ते चमचाभराच्या हिशोबात लागतं. पण ज्यांचा नियम कडक आहे त्यांना मी ताणणार नाही. वासराच्या रेनेटबाबत मात्र चर्चाच नको. तिथे पंचेंद्रिय जीवाची हत्या सरळ आहे.

हिरवा ठिपका आपल्याकडे २००१ च्या सुमाराला कायद्याने आला. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. पदार्थात प्राण्याच्या शरीराचा अंश असेल तर तपकिरी खूण, आता त्रिकोण. दूध आणि दुधाचे पदार्थ यातून वगळलेले. म्हणजे हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये वासराचं रेनेट नसतं, इथवर दुसऱ्या मैत्रिणीचं म्हणणं बरोबर. मंचरचं चीज असो की आणंदचं, ठिपका हिरवाच आहे. मागच्या बाजूला जे ई-क्रमांक असतात त्यांनाही घाबरू नका. ई-३३१ म्हणजे सोडियम सायट्रेट, लिंबूसत्वाचा क्षार. त्यानेच प्रोसेस्ड चीज गुळगुळीत होतं. ई-१६०बी हा शेंदरीच्या बियांचा रंग. ई-२०० टिकवण्यासाठी. ई-१२० मात्र किड्यांपासून काढलेला लाल रंग. तो चीजमध्ये सहसा नसतो, पण परदेशी गोळ्या-चॉकलेटांत बघत जा.

पण मैत्रिणींनो, ठिपका सरकारच्या प्रश्नाचं उत्तर देतो. आपला प्रश्न मोठा आहे, मर्यादेचा. धार काढल्यावर दोन घडींच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत दूध गाळून तापवायचं. तापवलेलं दूध चोवीस तास, दहीही चोवीस तास. या मापाने चीज कुठेच बसत नाही. ते मुरवायचंच महिनोन् महिने असतं, त्याची चवच त्या मुरण्यात आहे. म्हणून व्रती मंडळींच्या आणि महाराजांच्या चौक्यात चीजला जागा नाही, ठिपका कुठलाही असो. संघ आला की आपण पहाटे गवळ्याच्या दारात उभ्या राहतो, भांडं आपलं, धुतलेलं, समोर धार काढून आणतो आणि घड्याळ बघत गॅस पेटवतो. तिथे मंचरचं काय आणि इटलीचं काय.

हे मी सूनबाईला सांगितलं. ती पुण्याची, इंजिनिअर, आणि हुज्जत न घालता नेमकं विचारणारी. म्हणाली, "आई, मग आपल्या चहाचं पिशवीतलं दूध? ते धार काढल्यावर ४८ मिनिटांत तापवलेलं असतं का?"

खरं आहे. गोठ्यातून संकलन केंद्र, तिथून थंड टाकी, टँकर, डेअरी, मग पाश्चरायझेशन, मग पिशवी. ४८ मिनिटं तर टँकर भरायलाच जातात. म्हणजे मर्यादेच्या कसोटीवर आपल्यापैकी बहुतेकींचा सकाळचा चहाच नापास आहे, आणि आपण बोट दाखवतो नातीच्या सँडविचकडे. मी तिला म्हटलं, बरोबर आहे तुझं. मर्यादा पाळायची तर अख्खी पाळावी, नाहीतर जितकी पाळतो तितकीच पाळतो असं सांगावं. घरात दोन हिशोब ठेवले तरी चालतील, पण दोन्ही वह्या उघड्या असाव्यात.

आणखी एक ओळ त्या वहीत लिहायला हवी, जिच्याबद्दल ठिपका आणि मर्यादा दोन्ही गप्प आहेत. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. आणि निम्मी वासरं गोऱ्हे असतात. पूर्वी गोऱ्हा मोठा होऊन नांगराला, मोटेला लागे. आता ट्रॅक्टर आला. त्यात आपल्याकडच्या खिल्लार गोऱ्ह्याला निदान बाजारात किंमत आहे, संकरित गाईच्या गोऱ्ह्याला कुणी विचारत नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापायलाही बंदी आहे. ती मला योग्यच वाटते. पण न कापलेला गोऱ्हा खातो काय आणि कुणाच्या खर्चाने? अल्पभूधारक शेतकऱ्याला दोन लिटर जास्त दूध परवडतं, गोऱ्हा परवडत नाही. आता मादीच वासरू व्हावं अशा रेतनाच्या कांड्या मिळू लागल्या आहेत, त्याने थोडा फरक पडेल. तोपर्यंत पांजरपोळांना चारा पुरवणं आलं. ज्या घरात महिन्याला वीस-तीस लिटर दूध लागतं त्या घराने वर्षाचा काही चारा देणं हे दान धरू नये. मी तरी त्याला दुधाच्या किमतीतली राहिलेली बाकी म्हणते आणि खर्चाच्या बाजूला लिहिते. यजमानांना सुरुवातीला हे विचित्र वाटलं होतं. आता दिवाळीपूर्वी तेच आठवण करतात.

बाकी चीज म्हटल्यावर जगात काय काय चालतं हे वाचताना मजाही आली. मुंबईच्या मौसम नारंग यांनी नोकरी सोडून 'एलेफ्थेरिया' नावाने चीज करायला घेतलं. २०२१ मध्ये जागतिक चीज स्पर्धेत त्यांच्या 'ब्रुनॉस्ट'ला रौप्यपदक मिळालं. ब्रुनॉस्ट हा नॉर्वेचा प्रकार. चीजचं उरलेलं पाणी, थोडं दूध-साय घालून, तासन् तास आटवायचं, तपकिरी होईपर्यंत. म्हणजे खवाच की! यात रेनेटने लावलेल्या दुधाचं पाणी असतं एवढाच फरक. पनीरच्या पाण्याचा घरी प्रयोग केला. दोन लिटर पाणी सव्वा तास आटवलं, पाव वाटी साय घातली. मूठभर काहीतरी गोडसर-आंबूस झालं. यजमानांनी चमचाभर खाऊन पाहिलं आणि "गॅस किती जळाला?" एवढंच विचारलं.

तर सध्या आमच्या घरची व्यवस्था अशी. मी चीज खात नाही, माझा नियम आहे. नात खाते, हिरव्या ठिपक्याचं, आणि अष्टमी-चतुर्दशी व दशलक्षणात ती स्वतःच डबा बदलून मागते. चीजचा डबा फ्रिजच्या दारात, सुरी वेगळी. परवा सूनबाईने ऑनलाइन मोझरेला मागवलं, लहान कंपनीचं. ठिपका हिरवा होता, पण रेनेट कुठलं हे पाठीमागे लिहिलेलं नव्हतं. कंपनीला ई-मेल केली आहे, तीन प्रश्न विचारून. पाकीट अजून न फोडता ठेवलंय. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.